पहिला होकागे हाशिरामा सेंजू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या भाच्याने ‘नारुतो : शिप्पूडेन’ या जपानी कार्टून मालिकेचे ५०० भाग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत संपवले आणि शेवटी मला विचारलं, “मामा, हा हाशिरामा हुशार होता का येडा?” तेव्हापासून हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्याकडे येत राहिलाय. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. पुढे कथेतली बरीच गुपितं फुटणार आहेत. ज्यांचं पाहून व्हायचंय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

हाशिरामा म्हणजे नक्की कोण?

मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’ या मंगातल्या, म्हणजे जपानी चित्रकथेतल्या, कोनोहा गावाचा संस्थापक आणि पहिला होकागे, म्हणजे गावाचा पहिला प्रमुख. हा मंगा ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात १९९९ ते २०१४ या काळात आला. ७०० प्रकरणं, ७२ खंड. गंमत म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाला सुरुवातीला काहीच काम नाही. गावामागच्या कड्यावर कोरलेल्या चेहऱ्यांपैकी तो पहिला, आणि पहिल्याच प्रकरणात नारुतो त्या चेहऱ्यांवर रंग फासून मोकळा होतो. पुढे ओरोचिमारू हा खलनायक त्याला शवपेटीतून उठवून तिसऱ्या होकागेशी लढायला लावतो, पण तेव्हाही तो जवळजवळ मुका बाहुला असतो. माणूस म्हणून तो भेटतो ते अगदी शेवटच्या टप्प्यात, उचिहा घराण्यातला सासुके त्याला समोर बसवून “गाव म्हणजे काय, शिनोबी (निंजा) म्हणजे काय?” असं विचारतो तेव्हा.

गाव वसवायची गरजच का पडली?

कारण त्याआधी गाव नव्हतं, टोळ्या होत्या. वेगवेगळी निंजा घराणी पैसे घेऊन सरदारांसाठी लढायची. एकाने सेंजूंना कामावर ठेवलं की दुसरा उचिहांना बोलवायचा, कारण सेंजूंपुढे टिकणारे तेवढेच. भांडण कुणाचं तरी आणि मरायचे हे. हाशिरामा स्वतः सांगतो की त्या काळी शिनोबींचं सरासरी आयुष्य तीस वर्षांच्या आसपास होतं. आकडा इतका खाली यायचं कारण म्हणजे लहान मुलंच मोठ्या संख्येने मरत होती.

त्याचा भाऊ कावारामा सातव्या वर्षी गेला. दफनाच्या वेळी हाशिरामा बापाला सरळ विचारतो की मुलांना मारायला पाठवणारी ही कसली मोठी माणसं. बाप, बुत्सुमा, त्याला ठोसा मारतो. धाकटा तोबिरामा मध्ये पडतो म्हणून तेवढ्यावर निभावतं. नंतर इतामा हा भाऊही जातो. चार भावांतले दोन उरले. ‘शांतता हवी’ हे वाक्य या कथेत जो तो म्हणतो, पण हाशिरामाच्या तोंडी ते खरं वाटतं, कारण त्यामागे दोन लहान शवपेट्या आहेत.

मादारा आणि तो आधी मित्र होते म्हणतात, ते खरं का?

खरं, आणि माझ्या मते अख्ख्या मालिकेतला हा सगळ्यात सुंदर भाग. नदीकाठी एक मुलगा चपटे दगड पाण्यावरून पलीकडे पाठवायचा प्रयत्न करतोय. आपण याला भाकऱ्या काढणं म्हणतो. त्याचा दगड काही पलीकडे पोचत नाही. मागून दुसरा मुलगा येतो, त्याचा दगड आरामात पार जातो, आणि वर शहाणपणाही शिकवतो की जरा वरच्या अंगाने फेक. पहिला उचिहांचा मादारा, दुसरा हाशिरामा. मादारा चिडून काही बोलला की हाशिरामा लगेच तोंड पाडून, खांदे टाकून बसतो. मग मादाराच ओशाळतो. मादाराचंही एक गुपित कळतं : मागे कुणी उभं राहिलं तर या पठ्ठ्याला लघवी होत नाही. पुढे ज्याचं नाव काढलं की जग थरथर कापायचं त्याच्याबद्दल आपल्याला हे माहीत असतं, आणि नंतरच्या एकाही लढाईत ते विसरता येत नाही.

दोघं एकमेकांना आडनाव सांगत नाहीत. शिनोबींचा तो नियमच. आडनाव कळलं की वैर कळतं. दोघांचेही भाऊ लढाईत गेलेले. कड्यावर बसून खालचं जंगल बघत ते ठरवतात की इथे अशी वस्ती करायची जिथे पोरांना मरावं लागणार नाही.

मग घरच्यांना सुगावा लागतो. दोन्ही बाप आपापल्या मुलाला सांगतात की त्याचा पाठलाग कर, नाहीतर मार. पुढच्या भेटीत दोघं नेहमीसारखे एकमेकांकडे दगड टाकतात, पण या वेळी दगडांवर शब्द खरडलेले असतात. दोघांनीही दुसऱ्याला पळून जायचा इशारा दिलेला असतो. तरी उशीर होतो. दोन्ही बाप आपल्या धाकट्या मुलासह नदीत उतरतात आणि प्रत्येक जण समोरच्याच्या मुलावर हत्यार फेकतो. ती दोन्ही हत्यारं हवेतच अडतात, या दोन पोरांनी फेकलेल्या दगडांमुळे. ज्या मादाराचा दगड कधी पलीकडे पोचत नव्हता, तो त्या दिवशी नेमका पोचतो. आणि त्याच दिवशी तो मैत्री तोडतो. त्या दुःखात त्याचे शारिंगान डोळे, उचिहांची ती खास ताकद, जागे होतात.

मग दोघांनी मिळून गाव वसवलं कसं?

मध्ये कित्येक वर्षांची लढाई आहे. तोबिरामाच्या वारातून मादाराचा शेवटचा भाऊ इझुना मेला, आणि तरीही हाशिरामा तहाची पत्रं पाठवत राहिला. अखेर मादारा हरून जमिनीवर पडला. तोबिरामा तलवार उगारतो, हाशिरामा त्याला थांबवतो. मादारा म्हणतो, आता माझा विश्वास बसायचा तर दोनच मार्ग : या भावाला मार, नाहीतर स्वतः मर.

इथे हाशिरामा जे करतो त्याला मी शहाणपण म्हणतो. तो रागावत नाही, वाद घालत नाही. ‘भावाला मार’ एवढीच अट न घालता दुसरा पर्याय दिल्याबद्दल तो मादाराचे आभार मानतो. चिलखत उतरवतो. तोबिरामाला बजावतो की माझ्या मरणानंतर मादाराला कुणी हात लावायचा नाही, सेंजू आणि उचिहा पुन्हा लढायचे नाहीत. आणि खरोखर कुनाई, म्हणजे निंजांचा छोटा सुरा, पोटात खुपसायला निघतो. मादारा त्याचा हात धरतो. कोनोहाचा पाया त्या हाताच्या पकडीत आहे. जिंकलेला माणूस हरलेल्यासाठी मरायला तयार झाला म्हणून ते गाव उभं राहिलं. राजकारणाच्या दृष्टीने हा वेडेपणाच. हाशिरामाने नाटक केलं असतं तर मादाराला ते दिसलं असतं.

‘कोनोहा’ हे नाव कुणी ठेवलं?

मादाराने. हातात एक भोक पडलेलं पान येतं, त्या भोकातून तो खाली वसत असलेलं गाव बघतो आणि म्हणतो, पानाआड दडलेलं गाव. हाशिरामाला हे फारच साधं वाटतं. पण स्वतः त्याने प्रमुखासाठी सुचवलेला शब्द म्हणजे ‘होकागे’, अग्नीच्या देशाला जपणारी अग्नीची सावली. मादारा विचारतो, हे काय फार वेगळं आहे का? पुढे शंभर लढाया ज्या नावांसाठी झाल्या ती दोन मित्रांनी एका दुपारी एकमेकांची टर उडवत ठेवली होती.

हाशिरामाला होकागे व्हायचंच नव्हतं का?

त्याला मादारा हवा होता. कड्यावर मादाराचा चेहरा कोरायचाही त्याचा बेत होता, फक्त चेहरा जरा जास्तच उग्र आहे एवढीच तक्रार. तोबिरामाने आडकाठी घातली : प्रमुख दोन मित्रांनी ठरवायचा नसतो, गावाने आणि देशाने ठरवायचा असतो, आणि उचिहांवर लोकांचा भरवसा नाही. पहिला मुद्दा बिनतोड आहे. दुसऱ्यात विष आहे. मादाराने हे लपून ऐकलं आणि दोन्ही मुद्दे एकत्रच गिळले.

शेवटी सांगा, तो हुशार होता का येडा?

भाच्याला मी तेव्हा “दोन्ही” म्हणालो होतो. आता जरा नीट सांगतो.

योजना आखणारी बुद्धी तोबिरामाची. हाशिरामा जुगारात हरतो, चटकन रडवेला होतो, चटकन हसतो, बोलण्यात ‘झो’ हा शेपटीचा शब्द लावून गावंढळ ऐटीत बोलतो. पण एक गोष्ट त्याला फार लवकर कळली होती : बलवान माणूस आधी वाकला तरच दुसऱ्याला वाकायची लाज वाटत नाही. पाच गावांच्या पहिल्या परिषदेत सगळ्यात ताकदवान प्रमुख तोच होता, आणि टेबलावर डोकं टेकवून बाकीच्यांना विनवणीही त्यानेच केली. डोळ्यांत पाणी आणून तो म्हणतो की आज हे स्वप्न वाटेल, पण कधीतरी गावं आणि देशं विसरून शिनोबी एक होतील. बाकीचे प्रमुख त्याच्याकडे बघतच राहतात.

पण शेपटीवाले पशू वाटून टाकले ही घोडचूक नव्हती का?

हा आक्षेप मला बरोबर वाटतो. शेपटीवाले पशू म्हणजे अफाट ताकदीचे राक्षसी प्राणी. त्यांना काबूत ठेवणं त्याच्या लाकडी विद्येला जमत होतं, म्हणून ते त्याच्याकडे होते. सगळी शस्त्रं एकाकडे राहिली तर बाकीचे घाबरून हल्ला करणार, तेव्हा बाकीच्या गावांना वाटून टाकू, तोल राहील, हा त्याचा हिशोब. फुकट कशाला देतोस, किंमत घे, हा तोबिरामाचा. (भाऊ असावा तर असा.)

तोल राहिला, पण कसा? तीन महायुद्धं झालीच. आणि प्रत्येक गावाने आपला पशू एखाद्या माणसात, बहुतेक वेळा पोरात, कोंडला. गारा काय, नारुतो काय, ज्या पोरांवर गावाने थुंकून घेतलं त्यांच्या नशिबाची वाट त्या टेबलावरून निघते. मुलं मरू नयेत म्हणून गाव बांधणाऱ्या माणसाने मुलांना पिंजरा करणारी व्यवस्था मागे ठेवली. त्याच्या लक्षातही आलं नसावं. स्वतःच्या घरीही तेच : त्याची बायको मितो उझुमाकी ही नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याला पोटात कोंडणारी पहिली.

‘अंताच्या दरी’त नेमकं काय झालं?

मादारा गाव सोडून गेला आणि नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याला डोळ्यांच्या जोरावर बांधून परत चालून आला. हाशिरामाने हजार हातांची डोंगराएवढी लाकडी मूर्ती उभी केली. जमीन फाटली, धबधबा झाला. आज आपण पाहतो ते दोघांचे दोन पुतळे त्याच जागी समोरासमोर उभे केलेले.

पण शेवटचा घाव त्या हजार हातांपैकी एकाचाही नाही. लाकडी प्रतिरूप पुढे ठेवून हाशिरामाने मादाराला पाठीत भोसकलं. ज्याच्या मागे उभं राहिलं की ज्याची लघवी अडते असा तो मित्र. त्याच्या मागे जाऊन. आणि म्हणाला की मित्र असो, भाऊ असो, पोटचं पोर असो, गावावर उठेल त्याला मी सोडणार नाही.

मादाराचं उत्तर मला आजही टोचतं. तू बदललास, तो म्हणतो. तू मूळ उद्देशच उलटा केलास, आणि हेच एक दिवस या गावाचा अंधार होईल. खलनायकाचं बोलणं म्हणून आपण ते सोडून देतो. मग उचिहांचं हत्याकांड आठवतं. सासुकेचा थोरला भाऊ इताची याने नेमकं हेच केलं, गावासाठी आईबाप मारले. आणि इताचीची कथा ऐकल्यावर हाशिरामा काय म्हणतो? तो माझ्यापेक्षा मोठा शिनोबी होता. हे कौतुक आहे का कबुली, ते मी ठरवू शकलेलो नाही.

सगळं खरं काम तोबिरामानेच केलं ना?

बरंचसं. निंजा शाळा त्याची, आनबू हे गुप्त पथक त्याचं, उचिहांना दिलेलं पोलीस दलही त्याचंच. एदो तेनसेइ, म्हणजे मेलेल्यांना उठवणं, अशा भयंकर विद्याही त्याच्याच. कुठलीही संस्था आठवून बघा, शेवटी पुढची पावती तोबिरामाच्या नावाची निघते. घर बांधायचं म्हटल्यावर एक जण जागेवर उभा राहून “इथे अंगण, इथे झोपाळा” म्हणतो आणि दुसरा सिमेंटचा हिशोब लिहितो, तसं.

पण पोलीस दलाचंच बघा. वरून मान, आतून नजरकैद. उचिहा गावापासून तुटत गेले ते तिथून. तोबिरामाला माणसांच्या झुंडी कळत होत्या, एकटा माणूस कळत नव्हता. हाशिरामाचं नेमकं उलटं.

सेंजू घराण्यातल्या नावांचा काही अर्थ आहे का?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण मला सर्वांत आवडतो. ‘हाशिरा’ म्हणजे खांब, ‘मा’ म्हणजे मधली जागा. हाशिरामा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. जुन्या वाड्यात वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको : खण! पाच खणी घर, सात खणी माडी म्हणतो ना, तोच खण.

आता बाकीचे भाऊ घ्या. तोबिरामातलं ‘तोबिरा’ म्हणजे दार. कावारामातलं ‘कावारा’ म्हणजे कौल. इतामातलं ‘इता’ म्हणजे फळी. आणि बाप बुत्सुमा? जपानी घरात बुद्धाचा देव्हारा असलेली खोली, म्हणजे देवघर. अख्खं कुटुंब म्हणजे एक घर आहे. लढाईत कौल आणि फळी गेली. खांब आणि दार उरलं. गाव बांधलं ते खांबाने, आणि आत कोण येईल, कोण नाही हे ठरवत बसलं ते दार. मादाराला बाहेर कुणी ठेवलं हे आठवा.

आणि ‘सेंजू’चा?

हजार हात. जपानमध्ये हजार हातांची कान्नोन, म्हणजे सेंजू कान्नोन, ही करुणेची देवता प्रसिद्ध आहे. क्योतोच्या सांजूसांगेनदो मंदिरात हजार हातांच्या कान्नोनच्या १००१ मूर्ती ओळीने उभ्या आहेत, आणि त्या मंदिराच्या नावाचा अर्थच तेहतीस खणांचं दालन. खण आणि हजार हात, दोन्ही एकाच छपराखाली. किशिमोतोंनी हे मनात धरून नाव ठेवलं असा माझा दावा नाही, पण त्या दालनाचा फोटो बघून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

ही कान्नोन म्हणजे आपलाच अवलोकितेश्वर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला ४१ नंबरच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. हात तिथे चारच, हजार नाहीत. पण पुढच्या वेळी सहलीला गेलात तर धबधब्यावरून थेट घरी न येता एकदा वर चढून बघा.

इंद्र आणि असुर ही आपली नावं तिथे कशी?

बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला गेलेली. निंजांच्या आतल्या शक्तीचं ‘चक्र’ हे नावही तसंच. कथेत शिनोबींचा आद्यपुरुष असलेल्या सहा मार्गांच्या ऋषीची दोन मुलं, इंद्र आणि असुर. थोरला इंद्र उपजत गुणी आणि एकलकोंडा. धाकटा असुर सुमार, पण माणसं जोडणारा. वारसा असुराला मिळाला आणि भांडण जन्मोजन्मी चालू राहिलं. हाशिरामा असुराचा पुढचा जन्म, मादारा इंद्राचा, त्यानंतर नारुतो आणि सासुके. आपल्याकडे देवासुर संग्राम ऐकत वाढलेल्यांना असुर हा भला भाऊ निघाला की पहिल्यांदा अडखळायला होतं. माझ्या आईने तर मान्यच केलं नाही.

खरं सांगायचं तर मला हा जन्मांतराचा धागा आवडत नाही. दोन पोरांनी नदीकाठी स्वतःहून केलेल्या दोस्तीला त्यामुळे उगाच नशिबाचं लेबल चिकटतं.

लाकडाची विद्या इतर कुणाला का जमत नाही?

मोकुतोन म्हणजे माती आणि पाणी या दोन प्रकृती एकत्र करून झाडं उगवणं. जन्मजात ती एकट्या हाशिरामाकडे होती. नात त्सुनादेकडेही नाही. म्हणून लोकांनी चोरीचा मार्ग धरला. ओरोचिमारूने हाशिरामाच्या पेशी ६० पोरांमध्ये टोचल्या आणि एकच वाचलं, ते यामातो. गावातल्याच कारस्थानी दान्झोने त्या पेशींचा अख्खा हात बसवून त्यावर शारिंगान डोळे जडवले. मादाराचा हस्तक झालेल्या ओबितोचं अर्धं अंग त्याच पेशींवर उभं. मादाराने तर दरीतल्या लढाईत मित्राच्या मांसाचा लचका तोंडात ठेवला होता, आणि त्या लढाईतून वाचून म्हातारपणी त्याच्याच जोरावर त्याला रिन्नेगान, म्हणजे शारिंगानहूनही ताकदवान डोळे, मिळाले.

वारसा म्हणजे विचार, असं आपण म्हणतो. या माणसाचा वारसा निम्मा प्रयोगशाळेतल्या बरणीत गेला. जो तो त्याची ताकद काढून घेत होता, स्वभाव कुणालाच नको होता. त्यातली एक बरी गोष्ट म्हणजे शेवटच्या लढाईत नारुतोचा उजवा हात गेला, तेव्हा त्सुनादेने नवा हात केला तो याच पेशींपासून.

त्सुनादेच्या गळ्यातला हार त्याचाच ना?

हो, आजोबांचा. तिने तो धाकटा भाऊ नावाकीला दिला, तो मेला. मग प्रियकर दानला दिला, तोही मेला. दोघांनाही होकागे व्हायचं होतं. तिसऱ्यांदा पैज हरून नारुतोला दिला. गावावर चालून आलेल्या पेनशी लढताना नारुतोच्या अंगातला कोल्हा उसळला तेव्हा तो हार फुटला, पण नारुतो जगला. जुगाराची खोडही तिला आजोबांकडूनच लागली. पुन्हा उठलेला हाशिरामा जेव्हा ऐकतो की त्सुनादे पाचवी होकागे आहे, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. लाडावून ठेवलेल्या नातीच्या हातात संस्थानाच्या किल्ल्या दिल्याचं कळल्यावर आजोबांचा जसा होईल तसा.

‘अग्नीची इच्छा’ म्हणजे काय?

गाव म्हणजे एक कुटुंब, आणि पुढच्या पिढीसाठी आधीच्या पिढीने जळायचं. विल ऑफ फायर म्हणून तुम्ही ऐकलं असेल. हाशिरामाकडून ती तिसऱ्या होकागे हिरुझेनपर्यंत आली आणि त्याने ती शब्दांत बसवली. गंमत अशी की याच वाक्याच्या आडून दान्झोही आपली काळी कामं करत होता.

तिसरा होकागे सर्वांत ताकदवान, असं सुरुवातीला म्हटलंय. मग?

मग काही नाही. लेखकाचा विचार नंतर बदलला. सोडून द्या.

तो मेला कसा?

मंगात त्याचं मरण दाखवलेलं नाही. मादाराशी झालेल्या त्या लढाईनंतर तो फार काळ राहिला नाही आणि तोबिरामा दुसरा होकागे झाला, एवढंच कळतं. ज्याच्या पेशींनी अर्धं जग चाललं त्याच्या मृत्यूला एक पानही नाही, हे मला विचित्रही वाटतं आणि बरंही.

अशी निंजा गावं खरोखर होती का?

इगा आणि कोका हे दोन प्रदेश खरे. आज एक मिए प्रांतात, दुसरा शिगा प्रांतात. ‘निंजा हातोरी’ बघत मोठे झालेल्यांना इगा हा शब्द नवा नाही (आम्ही त्याला वर्षानुवर्षं ‘हातोडी’ म्हणायचो). पण तिथे होकागेसारखा एक प्रमुख नव्हता. इगामध्ये छोटी छोटी लढवय्यी घराणी एकत्र बसून निर्णय घ्यायची, वर कुणी बडा सरदार नाही. १५७९ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या मुलाने केलेला हल्ला त्यांनी परतवून लावला. १५८१ मध्ये नोबुनागाने प्रचंड फौज धाडली आणि इगा बेचिराख केलं. म्हणजे भांडणारी घराणी एका जागी बसू शकतात ही गोष्ट किशिमोतोंनी हवेतून काढलेली नाही. लाकडाचे हजार हात मात्र इगाकडे नव्हते.

मादारा आणि त्याचं शेवटी मिटलं का?

चौथ्या महायुद्धानंतर मादारा मरणाच्या दारात पडलेला असतो आणि हाशिरामा त्याच्याजवळ येऊन बसतो. विद्येने उठवलेलं त्याचंही शरीर विरत आलेलं. मादारा म्हणतो, माझं स्वप्न तुटलं, तुझं अजून चालू आहे. हाशिरामा म्हणतो की आपण दोघांनीही घाई केली. आपलं स्वप्न आपल्याच हयातीत पुरं व्हायची गरज नव्हती, मागून येणाऱ्यांना तयार करायला हवं होतं. लहानपणी भावांसारखा पेला घ्यायची गोष्ट निघाली होती, आता मरताना लढाईतले सोबती म्हणून एकेक पेला घ्यायला हरकत नाही. मादारा विचार करून म्हणतो, सोबती… तेवढं चालेल.

सगळी मालिका बघायला वेळ नाही. फक्त हाशिरामा बघायचा तर?

‘शिप्पूडेन’चे भाग ३६६ ते ३७०, किंवा मंगाची ६२० ते ६२६ ही प्रकरणं. पाच गावांच्या परिषदेसाठी प्रकरण ६४८. ३६७ लावल्यावर दगड फेकण्याचा प्रसंग पुढे ढकलून बघू नका, मध्ये फोनही उचलू नका. भाच्याने उचलला होता, आणि दोन भागांनंतर विचारत होता की ते दगडावर काय लिहिलं होतं.